पांढरीचा पाय

आमच्या घरात ती दोन जनावरं आली ती पाचगणीहून, झाकणाच्या एनॅमलच्या बादलीतून, माझ्या मांडीवर बसून. बादलीला ओलं फडकं गुंडाळलं होतं आणि पसरणीच्या घाटात दर वळणाला थोडं पाणी माझ्या लुगड्यावर सांडत होतं. शेजारी आमचे हे बसले होते. क्षयाच्या दवाखान्यातून नवरा बरा होऊन घरी निघाला की बायकोला गावभर पेढे वाटावेसे वाटायला हवेत. मला मात्र सारखं वाटत होतं की वरून आपण काहीतरी सोबत घेऊन चाललोय आणि ते घ्यायला नको होतं.

जनावरं मूळची मॅडमची. मॅडम म्हणजे पाचगणीच्या एका शाळेत जन्मभर शिकवून म्हाताऱ्या झालेल्या गोऱ्या बाई. दवाखान्याच्या खालच्या वाटेला त्यांचा बंगला होता. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला परवानगी दिली तेव्हापासून हे त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसत. तिथं काचेच्या पेटीत ही जोडी होती. एक काळा, एक पांढरी. वीतभर लांब, चार पाय, चपटी शेपटी, रुंद तोंड कायम हसल्यासारखं, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल मऊ तुरे. श्वास त्या तुऱ्यांनी घेतात, असं हे सांगत. बेडकाच्या भावकीतली, पण जन्मभर पाण्यात राहणारी. मूळ देश मेक्सिको, नाव ऍक्झोलॉटल. ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. त्या सुमाराला गोरी मंडळी बाडबिस्तरा आवरून विलायतेला परतू लागली होती. मॅडमही निघाल्या आणि जाताना जोडी ह्यांच्या हवाली करून गेल्या. सूचना एकच दिली: पाणी गार ठेवा. पाचगणीत बसून असं सांगणं सोपं असतं. सांगलीच्या उन्हात सकाळी घातलेले पापड जेवणाआधी कडक वाळतात, हे त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांना गार पाण्याची फिकीर नव्हती. मॅडमनी सांगितलेली दुसरीच एक गोष्ट त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. ह्या जनावरांचा पाय तुटला तर पुन्हा फुटतो, हाडासकट, बोटांसकट.

"नुसता पायच नव्हे," हे मोटारीत मला म्हणाले, "आतलंसुद्धा भरून येतं म्हणे."

बोलताना त्यांचा हात छातीच्या डाव्या बाजूला गेला. मी बादलीचं झाकण घट्ट दाबून धरलं.

वाईला कृष्णेच्या घाटावर पाणी बदललं, वाठार स्टेशनात पुन्हा बदललं, आणि रेल्वेनं सांगलीला पोचेपर्यंत दोघंही जिवंत राहिली. विश्रामबागेत तेव्हा तुरळक घरं होती. आमचं भाड्याचं घर तीन खोल्यांचं, मागं आड. हे हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. शाळेनं मोठ्या मनानं हलकं काम देऊन त्यांना परत घेतलं होतं. डॉक्टरांनी मात्र अटी घातल्या होत्या. ओझं उचलायचं नाही, दुपारी झोपायचं, संध्याकाळी ताप बघायचा, आणि उन्हाळ्याची सुटी लागली की वर येऊन छातीचा फोटो काढून घ्यायचा. "जखम झाकली गेलीय, भरलेली नाही," असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ते ऐकलं, पण घरी आल्यावर त्याचा विषय कुणीच काढला नाही.

मॅडमची पेटी आणता आली नव्हती. मग तसबिरींना काचा बसवणाऱ्याकडून ह्यांनी जाड काचा कापून आणल्या, लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करून घेतला, आणि खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून सांध्यांत भरली. घरभर तेलाचा वास. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा पेटी चारी बाजूंनी गळली आणि ओहळ माझ्या स्वैपाकघरात आला. पुन्हा भरलं तेव्हा एकच कोपरा गळला, आणि तिसऱ्यांदा कुठं पेटीनं पाणी धरलं. तोवर जनावरं माझ्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत मुक्कामाला होती. त्या बरणीत मी पुढं कधी लोणचं घातलं नाही.

मग सुधारणा सुरू झाल्या. तळाला कृष्णेची वाळू पसरली, तर काळा गांडुळाबरोबर खडेही गिळायला लागला. वाळू काढली आणि चपटे दगड ठेवले. पेटी खिडकीत ठेवली, तर उन्हानं पाणी हिरवं झालं. ती उचलून माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. लपायला फुटक्या माठाची खापरं आली. गांडुळं गोळा करायचं खातं अर्थातच माझ्याकडे. मोरीच्या ओल्या मातीत काडीनं उकरताना मी मनातल्या मनात मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पण हे खूश होते. दवाखान्यात वर्षभर आढ्याकडे बघत पडून राहिलेल्या माणसाला हाताला काम मिळालं होतं, हे मला दिसत होतं. म्हणून गप्प बसले. घरातली सगळी सुधारणा त्या पेटीतच चालली होती. स्वैपाकघरावरचं फुटकं कौल होतं तिथंच होतं.

संक्रांत उलटून गेल्यावर एका सकाळी खायला घालताना काळ्यानं गांडूळ सोडून पांढरीचा पुढचा पाय धरला. एक हिसका दिला आणि पाय कोपरापासून गेला. पाण्यात रक्ताचा बारीक धागा लांबत गेला. मी ओरडले. ह्यांनी घाईनं एक काच आणून पेटीच्या मधोमध उभी सरकवली आणि दोघांची खोली वेगळी केली. मग ते पांढरीसमोर उकिडवे बसले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. डोळ्यांत एक चमक होती, आणि तीच बघून मला भीती वाटली.

"आता बघ," ते म्हणाले.

पुढं रोज सकाळी दात घासायच्या आधी ते भिंग घेऊन पेटीपाशी जात. तुटल्या जागी आधी पांढरं कातडं धरलं. मग मुगाएवढी गाठ आली. मग ती गाठ लांबली आणि टोकाला चपटी झाली.

"हा पाय पुरा झाला की माझंही आतलं भरलं असं समज," एकदा ते सहज म्हणाले.

"असं बोलू नये," मी म्हणाले.

"का? दोघांची जखम एकदमच भरतेय म्हणायचं."

मी तापट बाई. हातातलं भांडं आपटलं आणि आत गेले. पण त्या दिवसापासून पेटीपुढून जाताना मी पांढरीकडे बघायचं टाळायला लागले. तिचं बरं होणं मला हवं होतं आणि तिची भीतीही वाटत होती. माझा संसार त्या चिमूटभर मांसावर कुणी टांगून ठेवलाय, असं वाटायचं.

होळीनंतर ऊन वाढलं आणि ह्यांच्या संध्याकाळी बदलल्या. दिवे लागायच्या सुमाराला गाल लाल व्हायचे. मी थर्मामीटर हातात द्यायची. ते तोंडात धरायचे आणि मी वाचायच्या आत झटकून डबीत ठेवायचे. "नॉर्मल," म्हणायचे. इतका शिकलेला माणूस, पण ताप लपवायची रीत लहान पोराची. मी काही बोलले की पेटीकडे बोट दाखवत. "बोटं फुटायला लागलीत बघ."

त्याच सुमाराला माझ्या सासूबाई आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचं गाव वडूजकडचं, कोरडवाहू मुलखातलं. तिथं शिमग्यापासून विहिरी तळाला जात, आणि मुलाची काळजीही त्यांना ओढत होती. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून त्या माजघरात आल्या, पेटीत वाकून बघितलं आणि झटकन मागं सरल्या. "आगं बया, पाल!" त्यांनी जमिनीवर बोट आपटून "किस्न किस्न" म्हटलं. पाल चुकचुकली की आमच्याकडे असं करतात.

"आय, पाल न्हाई ती," हे हसून म्हणाले. "मासा आन् बेडूक ह्यांच्या मधलं जनावर हाय."

"मधलं काय बरं नसतंय," आत्याबाई म्हणाल्या. "आन् येवडं पानी? आमच्याकडं बाया घागरीसाठी हिरीच्या तळाला उतरत्यात. हितं पाली डुंबत्यात!"

गाठोड्याबरोबर त्यांनी आपला तांब्याचा हंडा आणला होता, लग्नात माहेरहून मिळालेला. चिंच लावून घासला की तो असा लखलखायचा की त्यात तोंड दिसावं. त्यांच्या घरी आजारी माणसाला पाणी द्यायचं ते रात्रभर ह्या हंड्यात ठेवलेलंच. डॉक्टरच्या बाटलीपेक्षा त्यांचा त्यावर जास्त भरवसा. आल्या दिवसापासून त्यांनी ह्यांना तेच पाणी द्यायला सुरुवात केली. हेही बिनतक्रार पीत.

शाळेला सुटी लागली. मी ट्रंक खाली काढली, ह्यांनी ती परत वर ठेवली. "पाय पुरा होऊ दे, मग जाऊ." मी म्हटलं, डॉक्टर तुमचा फोटो बघणार आहेत की पांढरीचा? त्यावर ते चिडले. मीही चिडले. मी म्हणाले, ताप येतोय तो तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्या मुक्या जनावराला माहीत नाही, एवढाच फरक. आवाज चढले तशी आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हे उठून अंगणात गेले.

"पायाचं काय म्हनत हुता?" त्यांनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. पांढरीचा पाय आला की आपण बरे, असं ह्यांनी मनात धरलंय, हेही सांगितलं. मला वाटलं त्या कपाळावर हात मारून घेतील. पण त्या तर पेटीपुढं जाऊन बसल्या. पहिल्यांदाच इतक्या जवळ. पांढरी काचेशी येऊन त्यांच्याकडे तोंड करून थांबली.

"मग तर हिनं जगायलाच पायजे," त्या म्हणाल्या.

उन्हानं आता कहर मांडला होता. पेटीला ओली पोती गुंडाळायची, ती तासाभरात सुकायची. गांडुळं मातीत खोल गेली. रांजणातलं गार पाणी थोडं थोडं पेटीत घालायचं आणि कोमट झालेलं काढायचं, हा माझा दिवसभराचा धंदा झाला. एका सकाळी मी बाजारात गेले असताना ह्यांनी स्वतः आडावरून बादली ओढली. मी परत आले तेव्हा हे मोरीत वाकले होते आणि तांब्यानं पाणी ओतत होते. पाणी लालसर होऊन नळीतून जात होतं.

"दाताचं आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातून तांब्या घेतला आणि मोरी धुतली. त्या दिवसापासून आत्याबाईंनी पेटीच्या पाण्याचं काम माझ्या हातून काढून घेतलं. दुपारी हे झोपले की त्या हंड्यातून तांब्या भरून आणत आणि काचेवरून हळूच धार सोडत, लहान बाळाच्या डोक्यावर सोडावी तशी. "माझ्या लेकराला जे पानी तेच तुमास्नी," असं त्या जनावरांशी बोलत. हंडा तर आता रोज चिंचेनं घासला जात होता. ज्या बाईला पांढरी बघून शिसारी आली होती ती तिच्यासाठी पाणी वाहतेय, हे बघून मला भरून यायचं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूचं होतं.

पण पेटीत काहीतरी बिनसत चाललं होतं. काळा खाईना. दोघांचे लाल तुरे झडत आलेल्या फुलासारखे आखडले. दोघंही सारखी वर येऊन हवा गिळायची आणि परत तळाला जाऊन पडायची. अंगावर बुळबुळीत थर धरला. हे म्हणाले, उन्हानं होतंय. पोती आणखी ओली ठेवायला लागलो. आत्याबाईंनी सकाळीही एक तांब्या घालायला सुरुवात केली.

आणि त्यातच पाय पुरा झाला. ह्यांनी मला हाताला धरून ओढत नेलं, भिंग दिलं. चार बोटं. नवी, काचेसारखी आरपार, पण चारही वेगवेगळी. हे हसत होते. कितीतरी दिवसांनी ते इतके मोकळे हसले असतील. "झालं," ते म्हणाले. "आता पाचगणी नको की फोटो नको. शाळा उघडली की मी पुरा तास घेणार." हसता हसता त्यांना उबळ आली आणि ते पेटीच्या कडेला धरून वाकले. पाणी हिंदकळलं. पांढरी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपेतून उठून माजघरात गेले. हाक आली नाही म्हणून मीच गेले. पांढरी पोट वर करून तरंगत होती. काळा काचेला टेकून कुशीवर पडला होता, तोंडाची उघडझाप करत होता. ह्यांनी पांढरीला तळहातावर घेतलं होतं आणि नव्या पायाची बोटं एकेक करून बोटानं हलवून बघत होते.

मागून आत्याबाई भरला तांब्या घेऊन आल्या आणि थबकल्या. हे त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघत राहिले. मग उठून स्वैपाकघरात गेले, हंड्यात वाकून बघितलं, आतून बोट फिरवलं. सांध्याला हिरवट रेघ होती.

"आय, ह्यातलं पानी घालत हुतीस व्हय त्येस्नी?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "रातभर ठिवल्यालं. तुला देते त्येच. दुसरं न्हाई रं घातलं."

हे हंड्याची कड धरून उभे होते. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. ते काय बोलतील ह्याच्या धास्तीनं मी दाराची चौकट धरली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "लय केलंस त्यांचं."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुजी पीडा त्येनी घितली रं. त्येनी जीव दिला तुज्यापायी."

दिवेलागणीपर्यंत काळाही गेला. जोडी ह्यांनी आडामागच्या निंबाखाली पुरली, हात धुतले, आणि कुणी न सांगता थर्मामीटर तोंडात धरला. मग न झटकता तो माझ्या हातात दिला. मी दिव्यापाशी नेऊन वाचला आणि ट्रंक खाली काढली.

पसरणीचा घाट चढताना मोटारीचं इंजिन गरम होऊन गाडी थांबली. लोक खाली उतरले, आम्ही बसून राहिलो. तेव्हा ह्यांनी सांगितलं.

"हंड्याच्या तांब्यानं मेली ती, पाण्यात उतरलेल्या. मोरचूद तांब्याचंच असतं ना? माणसाला काही होत नाही, पण असल्या पाण्यातल्या जिवाला थोडंसुद्धा विष. दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देतो मी. माझ्याच घरात माझ्या लक्षात आलं नाही."

"मग आत्याबाईंना..."

"आईला हे कळता कामा नये. कधीच."

मी मान हलवली. खाली वाईकडे नदी उन्हात चमकत होती. त्या क्षणी मला आत्याबाईंचा राग आला आणि लगेच दयाही आली.

"चारही बोटं आली होती गं," ते म्हणाले. "काही कमी नव्हतं. तरी मेली. पाय येणं वेगळं आणि जगणं वेगळं, आणि मी दोन्ही एकच धरून बसलो होतो."

डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ खाली केला नाही. उजवीकडेही सुरुवात झाली होती. "पावसाळा काढून आला असतात, तर मला काही करता आलं नसतं," ते म्हणाले. मग सुया, छातीत हवा भरणं, पुन्हा ते आढ्याकडे बघत पडणं. कितीदा तरी मला वाटलं की आता संपलं. पण हे राहिले. एका फुप्फुसावर आणि अर्ध्या आवाजावर, पण राहिले.

सांगलीला परत आलो तेव्हा आत्याबाईंनी घर सारवून ठेवलं होतं. रिकाम्या पेटीच्या काचा पुसून ठेवल्या होत्या. त्या गेल्या नव्हत्या गावाकडे; दर अमावास्येला निंबाखाली दहीभात ठेवायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि आत्याबाई त्यांना सांगत होत्या, दोन मुक्या जिवांनी माझ्या पोराचं दुखणं अंगावर घेतलं म्हणून तो आज दारात उभा आहे. एका अर्थानं खोटं नव्हतं ते. ती मेली नसती तर हे पाचगणीला गेले नसते, आणि ती कशानं मेली हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

हे ओट्यावर टेकले. आत्याबाई आत गेल्या. हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज मला ओळखू आला. फुलपात्र काठोकाठ भरून त्यांनी ह्यांच्या हातात दिलं आणि समोर बसल्या. ह्यांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माणसाला काही होत नाही, हे त्यांनीच मला घाटात सांगितलं होतं. तरी घोट घशाखाली उतरेपर्यंत माझी नजर त्यांच्या गळ्यावरून हलली नाही.

त्यांनी फुलपात्र रिकामं केलं.

"आनिक घालू?" आत्याबाई म्हणाल्या.

"घाल, आय," हे म्हणाले.